वीणा खाली ठेवायची नाही

रात्रीचे दोन वाजले आहेत. शहापूर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळासमोर मांडव घातला आहे आणि अखंड हरिनाम सप्ताहाचा पाचवा दिवस नुकताच लागला आहे. कीर्तन अकराला आटोपलं. पंगत उठली, भांडी घासून पालथी पडली, माणसं घरी गेली. मांडवात आता दोघंच. एकाच्या गळ्यात वीणा, दुसऱ्याच्या हातात टाळ. वीणेकरी अकरावीतला मुलगा आहे. झोप येऊ नये म्हणून तो उभ्या उभ्या पावलं टाकतो, नाम घेतो, पुन्हा पावलं टाकतो.

सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही आणि नाम थांबू द्यायचं नाही, हा सप्ताहाचा दंडक. त्यासाठी गावकरी पाळ्या लावतात. त्यांना पहारा म्हणतात. देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने नावं लिहिलेली असतात. दिवसाचे पहारे म्हातारी माणसं घेतात, मध्यरात्रीनंतरचे पोरांकडे येतात. पाळी बदलताना येणारा जाणाऱ्याच्या पायांना हात लावतो, जाणारा येणाऱ्याच्या, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. साठी उलटलेला शेतकरी सोळा वर्षांच्या मुलाच्या पाया पडताना मी इथे पाहिला, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्या घडीला ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या ठिकाणी देव. पहारा संपला की तो पुन्हा अकरावीतला मुलगा.

संपादकांनी यंदा ‘देव कुठे दिसतो’ असा विषय दिला, तेव्हा मोठ्या क्षेत्री जाण्याची मला ओढ नव्हती. मला तरुण माणसं पाहायची होती. कॉलेजात जाणारी, नोकरीच्या परीक्षा देणारी, आईबापांचा देव पाठीवर घेऊन तालुक्याच्या गावी खोली करून राहणारी. रोजच्या धकाधकीत त्यांना देवाची काही खूण पटते का, आणि पटली तर पुढे काय होतं, हे जवळून पाहायचं होतं. म्हणून शहापूर आणि मुरबाड.

महाराज, वय चोवीस

ज्याच्या मागे मी हिंडलो तो मुरबाडच्या बाजूचा, माळशेजच्या पायथ्याकडच्या गावातला. घरची भातशेती, थोडी वरकस जमीन. नाव छापू नका म्हणाला, म्हणून छापत नाही. दहावीनंतर तो आळंदीला गेला. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली आणि माधुकरी मागून ज्ञानेश्वरी-गाथा शिकणाऱ्या पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या आळंदीत घडल्या. चार वर्षं तोही तिथे राहिला. परत आल्यावर बाहेरून पदवी घेतली. आता शहापुरात खाजगी शिकवणीत मराठी शिकवतो आणि सप्ताहांच्या हंगामात कीर्तनं करतो. वयाने मोठी माणसंही त्याला ‘महाराज’ म्हणतात. तो सगळ्यांना ‘माऊली’.

पण त्याचं मला मोलाचं वाटलेलं काम फडावरचं नाही. त्याच्या खोलीवर दर गुरुवारी संध्याकाळी कॉलेजची मुलंमुली जमतात. मोठ्या मिशनरी कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या अशा सोबतीसाठी एक धर्मगुरू किंवा कार्यकर्ता नेमलेला असतो. इकडच्या कॉलेजांत असं पद नाही, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत ते असूही नये असं माझं मत आहे. गरज मात्र खरी आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच पोर, पाड्यावरून एसटीने आलेली, तीन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते. पेपर अवघड जातो, घरी बाप आजारी पडतो, प्रेम जुळतं आणि तुटतं, पोलीस भरतीत अर्ध्या सेंटिमीटरने उंची कमी भरते. हे सगळं कोणाला सांगायचं? शिक्षकांना वेळ नाही, आईबापांना कॉलेज म्हणजे काय ते ठाऊक नाही. मग ती गुरुवारी महाराजांच्या खोलीत येऊन बसते.

मुरबाडला रेल्वे नाही. तिकडची मुलं एसटीने, नाहीतर कोणाच्या तरी मोटरसायकलवर येतात. कसाऱ्याकडची मुलं लोकलने आसनगावला उतरतात. या लोकलगाड्यांत पहाटे कामाला निघालेल्यांची भजनी मंडळंही असतात. टाळ पिशवीत, ठेका डब्याच्या पत्र्यावर. खोलीत येणाऱ्या एका मुलाने अभंग म्हणायला त्या डब्यातच शिकून घेतलं.

वहीतल्या नोंदी

आधी हरिपाठ होतो. अर्धा तास. मग चहा. मग वह्या निघतात. शाळेच्या, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या. प्रत्येकाने त्या आठवड्यातल्या नोंदी लिहून आणायच्या. महाराजांनी प्रश्न तीनच दिले आहेत. काय मिळालं? कोणाकडून मिळालं? त्याचं पुढे काय केलंस? वाचून दाखवायची सक्ती नाही. ज्याला वाटेल तो वाचतो.

मी ऐकलेल्या नोंदींत चमत्कार एकही नव्हता. खानावळीच्या काकूंनी महिनाभर उधारीवर जेवू घातलं. वडिलांनी फीसाठी बैल विकायचं ठरवलं होतं, मामाने पैसे दिले आणि बैल दावणीला राहिला. आवणीच्या दिवसांत परीक्षा आली, तर शेजारच्या तीन घरच्या बायका येऊन एका दिवसात आमचं खाचर लावून गेल्या. एका मुलाने नुसतं ‘या आठवड्यात काही नाही’ असं वाचलं आणि वही मिटली. महाराजांनी त्याला समजावलं नाही, की नीट शोध म्हणून सांगितलं नाही. तेही लिहिलंस हे बरं केलंस, एवढंच म्हणाले. नंतर मात्र त्याला जेवायला थांबवून घेतलं.

तिसऱ्या प्रश्नावर खोली सावध होते. मिळालं ते सांगणं सोपं असतं, त्याचं काय केलं हे सांगताना माणूस अडतो. खाचर लावून मिळालेल्या मुलीने परीक्षा संपल्यावर त्यांतल्या एका घरी बेणणीला जाऊन दिवस भरला होता. बैलवाल्याचं उत्तर अजून यायचं होतं. महाराजांची धारणा अशी, की देवाची खूण पटली म्हणजे माणूस कशाला तरी बांधला गेला. बांधलं न जाता जे नुसतं बरं वाटतं, ते त्यांच्या लेखी मनाचं सुख. वाईट नाही, पण त्याला देवाचं नाव देण्याची घाई करू नये.

दिवसाकडे असं मागे वळून पाहण्याची रीत जगात इतरत्रही आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला हा स्पॅनिश शिपाई अंथरुणावर पडल्या पडल्या बदलला. त्याने पुढे जेझुइट संघ काढला आणि आपल्या माणसांना रोज दिवसाची उजळणी करायला शिकवलं: आज देव कुठे भेटला, मी कुठे तोंड फिरवलं. आजही जगभर जेझुइट कॉलेजांतले तरुण धर्मसेवक विद्यार्थ्यांकडून ही उजळणी करून घेतात. हे महाराजांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते प्रथमच ऐकलं. त्यांनी लगेच विचारलं, ते लिहून ठेवतात की नुसतं आठवतात?

त्यांचा स्वतःचा आधार सावता माळी. मळा सोडून पंढरीला न गेलेला संत. मुळा-भाजीत, विहिरीच्या मोटेत ज्याला विठ्ठल भेटला, त्याच्या अरण गावी आषाढात पंढरपूरहून खुद्द पांडुरंगाची पालखी भेटीला जाते. कीर्तनात महाराज हे सांगतात तेव्हा समोर बसलेल्या शेतकऱ्यांच्या माना वर होतात. जनाबाईचं जातं, गोरोबांची माती, सेना न्हाव्याचा आरसा ही आपल्या परंपरेतली देव भेटण्याची ठिकाणं. सगळी कामाची ठिकाणं.

दगड, दाणा आणि वाघ

खोलीत येणाऱ्यांत निम्मी पोरं आदिवासी आहेत: ठाकर, महादेव कोळी, कातकरी. त्यांच्या घरचा देव विठ्ठल नव्हे. काही सप्ताहांत त्यांना सांगितलं जातं की माळ घाला, मटण सोडा, तो दगड सोडा. हे महाराजांना पटत नाही, आणि मलाही नाही. ज्याच्या घरात देवाशी एक जुना व्यवहार नीट चालू आहे, त्याला तो मोडायला लावून नवा देव देणं यात देवाचा काय लाभ?

तो व्यवहार कसा असतो ते एका ठाकर मुलीच्या पाड्यावर पाहिलं. ती बीए करते, गुरुवारी न चुकता येते. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दिवशी तिच्याकडे वाघबारस असते. पाड्याबाहेर झाडाखाली शेंदूर लावलेला वाघोबा आहे. गुराखी पोरं घरोघरचं दूध गोळा करून तिथे खीर शिजवतात, नारळ फोडतात, वर्षभर गुरं सांभाळ म्हणून विनवतात. या पट्ट्यात कित्येक ठिकाणी वाघोबाच्या दगडावर वाघाबरोबर चंद्र-सूर्यही कोरलेले दिसतात. वन्यजीव अभ्यासकांनी पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या भागांत वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी नोंदवली आहेत. बिबट्याने बकरी नेली तर घरातलं कोणी तरी म्हणतं, त्याचा वाटा होता, घेतला. नुकसान सोसायला यामुळे बळ येतं. वनखात्याकडे भरपाईचा अर्जही जातो, दोन्ही गोष्टी एकाच घरात होतात.

वाघ इथे गोष्टीतला नाही, हे २००९ मध्ये साऱ्या राज्याला कळलं. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेल्या एका वयस्क बिबट्याला वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव आजोबा. तो या डोंगरांतून, कसाऱ्याजवळ रेल्वे आणि महामार्ग ओलांडून, पुढे वसईची खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची वाट. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केली नाही. त्या ठाकर मुलीच्या आजीला मी हे सांगितलं, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. “आमच्याच वाटेनं गेला असंल,” म्हणाली.

तिच्या घरात नवा भात पहिल्यांदा कणसरीला. कणसरी म्हणजे दाण्यातली देवी. धरतरी, गावतरी, कणसरी, म्हणजे जमीन, गाय आणि धान्य, या तिघींच्या जिवावर आपण जगतो हे इथल्या बायकांच्या बोलण्यात सहज येतं. दाण्यावर पाय पडला तर हात लावून कपाळाला लावायचा. देवीला दाखवल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालायचं नाही, मग घरात जुनं संपलेलं असलं तरी. मुलगी मला म्हणाली, महाराजांच्या वहीतले तीन प्रश्न तिला नवे वाटलेच नाहीत, आजी ते खळ्यावर दरवर्षी विचारते.

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट फुटते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. त्याच्या आरंभी देवांना नमन आहे: धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, यम-वरुण-कुबेर-वासव हे चार लोकपाल. पुढे यज्ञ आणि दिलेली दानं: गायी, घोडे, नाणी, सगळं आकड्यांनिशी. देवांची नावं घेऊन झाली, की लगेच देण्याचा हिशेब. लेणं पाहून उतरताना हे माझ्या मनात राहिलं.

धरणांच्या गावात हंडा

शहापूर हा मुंबईला पाणी पाजणारा तालुका. तानसा धरण १८९२ सालचं. नंतर मोडकसागर, मग भातसा. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि याच तालुक्यात मार्च उजाडला की कसारा, डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं, पण बेसाल्टच्या उतारावरून ते वाहून जातं, विहिरी उथळ राहतात. अडवलेलं पाणी जलवाहिन्यांतून शहराकडे जातं. बायका नदीच्या कोरड्या पात्रात डवरा खणतात, पाणी झिरपायची वाट बघत बसतात, वाटीने हंडा भरतात. पाणवठ्याच्या कडेला सात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, सात गोटे असतात, शेंदूर लावलेले. हंडा भरल्यावर ओंजळभर पाणी त्यांना.

एका एप्रिलमध्ये महाराजांच्या खोलीतल्या मुलींनी वह्यांत हेच लिहिलं. काय मिळालं: दोन हंडे. कोणाकडून: आसरांकडून. त्याचं काय केलं: एक म्हातारीला दिला. चर्चा पेटली. एका मुलाचं म्हणणं, ही देवाची खूण कसली, ही सरकारची चूक. महाराजांनी दोघांनाही गप्प केलं नाही. मुलीच्या हातून म्हातारीला मिळालेला हंडा त्यांना खूणच वाटली, आणि मुलाचा रागही. त्या रागाचा पुढे अर्ज झाला. टँकरच्या फेऱ्या ठरल्याप्रमाणे होत नसल्याची तारीखवार नोंद मुलींनी त्याच वह्यांत ठेवली होती, ती अर्जाला जोडून पंचायत समितीत दिली. फेऱ्या वाढल्या. मुंबईत नळाखाली हात धरताना हे पाणी कुठून येतं ते आपण विचारत नाही, आणि मला ते लाजिरवाणं वाटतं.

कोणती खूण मानायची नाही

खुणा शोधायची सवय लागली, की माणूस वाहवतो. कोणाच्या अंगात येतं, कोणी उतारा सांगतो. महाराजांची इथे एक रेघ ठरलेली आहे. जी खूण माणसाला दवाखान्यापासून अडवते ती देवाची नव्हे.

कारण पावसाळ्यात इथे मण्यार असते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दंश जाणवतही नाही, दातांच्या खुणा दिसत नाहीत. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. त्या दोन-चार तासांत प्रतिसर्पविष मिळालं आणि श्वास सांभाळला गेला तर माणूस वाचतो. ते तास भगताकडे गेले तर बहुधा नाही. सर्पदंश झालेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे महाराज सप्ताहाच्या मांडवात वीणेशेजारी उभं राहून सांगतात. काही ज्येष्ठांना कीर्तनात कायदा आवडत नाही. दोन वर्षांमागे एका सप्ताहात, कीर्तन चालू असताना दंश झालेल्या पोराला त्यांनी मध्येच थांबून मोटरसायकलवर घालून नेलं. पोर वाचलं. गावात लोक याला चमत्कार म्हणतात. महाराज पेट्रोलचं आणि वेळेचं नाव घेतात.

एका प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. १ ऑगस्ट २०२३. शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम मध्यरात्री चालू असताना गर्डर उचलणारं यंत्र कोसळलं. २० माणसं गेली, बहुतेक परराज्यांतून पोटासाठी आलेली. त्या आठवड्याच्या गुरुवारी एका मुलाने उघड विचारलं, त्या रात्री देव कुठे होता? महाराजांनी निरूपण केलं नाही. उत्तर सुचलं असतं तरी त्या दिवशी द्यायला नको होतं, असं ते आजही मानतात. हरिपाठ झाला आणि मुलं उठून गेली. मला त्यांची ती शांतता अनेक प्रवचनांहून खरी वाटते.

भट्टीवर

दिवाळी झाली की कातकरी घरं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी, कल्याण, पनवेलकडे. पावसाळ्यात, हाताला काम नसताना घेतलेली उचल फेडायला. नवराबायकोची जोडी धरतात, मजुरी हजार विटांमागे. पोरं सोबत, म्हणून शाळा सुटते. मे महिन्यात हिशेब होतो आणि पुष्कळदा उचल शिल्लकच राहते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गेली, पण तिला प्रत्यक्षात बाहेर काढायला ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेसारख्यांना वर्षानुवर्षं लढावं लागलं.

एका रविवारी महाराज आणि चार मुलं भट्टीवर गेली होती. टाळ, पाट्या आणि खाऊ घेऊन. पोरं जमली, अभंग झाला. मग सवयीने महाराजांनी एका बाईला विचारलं, आठवड्यात काय मिळालं? ती हातातला साचा खाली न ठेवता त्यांच्याकडे बघत राहिली. तो प्रश्न तिथे विचारायचा नव्हता, हे खोलीत परतल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ज्यांना मिळायचं तेच अडवून ठेवलंय त्यांना आधी काय हवंय ते विचारा, म्हणाले.

पुढच्या खेपेला तसं विचारलं. उत्तर आलं: जातीचा दाखला. दाखला नाही म्हणून मुलीला आदिवासी वसतिगृहात जागा नाही, शिष्यवृत्ती नाही. दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्याकडे कधी सातबारा नव्हता, शाळेत कोणी गेलं नव्हतं, ते हा पुरावा आणणार कुठून? वारकरी खोलीतल्या पोरांनी वंशावळी लिहायला घेतल्या. म्हाताऱ्यांना बसवून नावं काढली, गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत जाऊन मुख्याध्यापकांना विनंत्या करून जुनी जनरल रजिस्टरं चाळली. वाळवी लागलेल्या एका रजिस्टरात त्या बाईच्या चुलत आजोबांचं नाव निघालं: इयत्ता पहिली, जातीच्या रकान्यात ‘कातकरी’, तारीख १९५० च्या आधीची. तिसऱ्या महिन्यात त्यांनी शाळा सोडली होती.

त्या नोंदीचा साक्षांकित उतारा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज आता उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आहेत. मी शेवटचा गेलो तेव्हा बाई भट्टीवर निघण्याच्या तयारीत होती, बोचकी बांधून झाली होती. हा कागद मिळाला की पोरगी वसतिगृहात जाईल ना, तिने विचारलं. महाराजांनी देवाचं नाव घेतलं नाही. दाखला कधीपर्यंत निघेल, वसतिगृहाचे अर्ज कधी सुटतात, फोटो किती लागतील, बँकेचं खातं कोणत्या शाखेत उघडायचं, हे एकेक करून सांगितलं. बीए करणारी ती ठाकर मुलगी शेजारी उभी होती. अर्ज भरायच्या दिवशी मी भट्टीवर येऊन तिला घेऊन जाईन, म्हणाली, आणि स्वतःचा फोन नंबर बाईच्या मुलीकडून पाठ करून घेतला.